कॉम्प्युटरची किल्ली कुणाच्या हातात?

 

आज मी एक प्रश्न घेऊन आले आहे. तुमच्या ग्रामसंघाच्या खोलीत कॉम्प्युटर आहे ना? त्याचा मालक कोण? तुम्ही म्हणाल, मालक ग्रामसंघ. बिल आपल्या नावावर आहे, पैसे आपण भरलेत. बरोबर. पण त्या कॉम्प्युटरमध्ये नवीन काही घालायचं, काही काढायचं, कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर ठेवायचं, हे ठरवणारा पासवर्ड कुणाकडे आहे? बऱ्याच ठिकाणी मी हे विचारते तेव्हा बायका एकमेकींकडे बघतात. मग कुणीतरी म्हणतं, "तो दुरुस्तीवाला मुलगा आहे ना, त्याला माहीत असेल." किंवा, "पासवर्ड टाकलाच नाही, चालू केला की उघडतो."

आता त्या कॉम्प्युटरमध्ये काय काय आहे ते आठवा. सगळ्या गटांची बचत, कर्ज, परतफेड यांचा हिशेब आहे. बायकांच्या आधार कार्डांच्या, पासबुकांच्या झेरॉक्स स्कॅन करून ठेवल्या आहेत. बँकेला दिलेले कर्जाचे प्रस्ताव आहेत, फोटो आहेत, मोबाईल नंबर आहेत. पैशाच्या पेटीला आपण कुलूप लावतो, आणि हे सगळं उघडं ठेवतो. म्हणून आजचा विषय: कॉम्प्युटर आणि मोबाईल यांच्यात अधिकार कसे वाटलेले असतात, आणि ते नीट वाटले तर व्हायरस आणि फसवणुकीचे प्रोग्राम कसे अडतात.

विषय अवघड वाटेल, पण नियम आपल्या ओळखीचा आहे. गटाच्या बँक खात्यातून पैसे काढताना एका बाईच्या सहीवर बँक पैसे देत नाही. पदाधिकाऱ्यांपैकी दोघींच्या सह्या लागतात, आणि त्याआधी बैठकीत ठराव होतो. अध्यक्षताईंवर आपला विश्वास नाही म्हणून हा नियम आहे का? अजिबात नाही. एखाद्या दिवशी अध्यक्षताई घाईत असतील, कुणी गोड बोलून, कुणी धाक दाखवून त्यांच्याकडून सही घेईल. तेव्हा दुसरी सही आडवी येते. नियम अध्यक्षताईंनाच सांभाळतो.

कॉम्प्युटरमध्येही असंच आहे. त्यात दोन प्रकारची खाती असतात. एक 'ॲडमिनिस्ट्रेटर', म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं. नवीन प्रोग्राम बसवणं, विंडोजच्या मूळ फायली बदलणं, अँटिव्हायरस बंद करणं, दुसऱ्याचं खातं उघडणं किंवा मिटवणं, हे सगळं त्याला करता येतं. दुसरं 'स्टँडर्ड', म्हणजे साधं खातं. त्यात हिशेब लिहिता येतो, पत्र टाइप करता येतं, ईमेल बघता येतो, प्रिंट काढता येते. रोजचं काम सगळं होतं, पण घराच्या भिंती पाडता येत नाहीत.

ही कल्पना जुनी आहे. १९७०च्या दशकात युनिक्स नावाची प्रणाली आली. एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर अनेक माणसं काम करायची, म्हणून तिच्यात पहिल्यापासून सर्वाधिकार असलेलं एक खातं आणि बाकीची साधी खाती अशी वाटणी होती. घरगुती कॉम्प्युटरवर मात्र वेगळं झालं. २००१ साली विंडोज एक्सपी आलं. साध्या खात्याची सोय त्यात होती, पण घरी कॉम्प्युटर चालू करून पहिलं खातं बनवलं की ते ॲडमिनिस्ट्रेटरचंच बनायचं. लोक वर्षानुवर्षं त्यातच काम करत राहिले, आणि त्या काळात व्हायरसना मोकळं रान मिळालं.

असं का झालं? इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळा विषय तिच्यावर उभा आहे. कॉम्प्युटरमध्ये एखादा प्रोग्राम चालू होतो तेव्हा त्याला स्वतःचे वेगळे अधिकार नसतात. ज्या खात्यातून तो चालू झाला, त्या खात्याचे अधिकार त्याला मिळतात. तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर असाल आणि तुमच्या बोटाने एखादी वाईट फाइल उघडली गेली, तर ती फाइल तुमच्या नावाने, तुमच्या अधिकाराने काम करायला लागते. कोरा चेक सही करून कुणाच्या हातात द्यावा तसं. कॉम्प्युटर म्हणतो, मालकिणीनेच सांगितलंय. मग ती अँटिव्हायरस बंद करते, विंडोजच्या आत जाऊन बसते, कॉम्प्युटर चालू झाला की आपणही चालू होईल अशी सोय करते, आणि त्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्यांच्या फायलींपर्यंत पोचते. तीच फाइल साध्या खात्यातून उघडली गेली तर तिचे हात तेवढ्यापुरतेच पोचतात.

२००७ साली विंडोज व्हिस्टा बाजारात आलं आणि त्यात मायक्रोसॉफ्टने एक नवीन पहारा बसवला. त्याचं नाव 'यूजर अकाउंट कंट्रोल'. तेव्हापासून ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यात काम करत असलात तरी विंडोज तुम्हाला रोजच्या कामापुरते साधेच अधिकार हातात देतं. मोठं काम निघालं की थांबतं आणि विचारतं. तुम्ही ती खिडकी पाहिली असेल. आजूबाजूचा स्क्रीन काळवंडतो, मधेच एक चौकट येते आणि त्यात इंग्रजीत लिहिलेलं असतं, 'डू यू वॉन्ट टू अलाऊ धिस ॲप टू मेक चेंजेस टू युवर डिव्हाइस?' म्हणजे, या ॲपला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का? खाली दोन बटणं, 'यस' आणि 'नो'.

स्क्रीन काळवंडतो त्यालाही कारण आहे. तेवढ्या वेळापुरती विंडोज ती चौकट बाकीच्या प्रोग्रामांपासून वेगळी काढते, म्हणजे एखाद्या लबाड प्रोग्रामने आपणच 'यस' दाबून घेऊ नये. उत्तर माणसानेच द्यावं.

व्हिस्टा आलं तेव्हा लोक या खिडकीला फार कंटाळले. जरा काही केलं की प्रश्न. म्हणून २००९ साली विंडोज ७ मध्ये हे प्रश्न कमी केले. पण कंटाळ्याची सवय राहिलीच. खिडकी आली की न वाचता 'यस' दाबायचं. आपल्या बैठकीतही असं होतं की नाही? प्रोसिडिंग बुक पुढं आलं की न वाचता सही. ठराव काय होता हे नंतर विचारलं तर आठवत नाही.

म्हणून मी सांगते, रोजच्या कामाला साधं खातंच ठेवा. ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यात खिडकी आली तर नुसतं 'यस' दाबून काम होतं. साध्या खात्यात तीच खिडकी ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागते. पासवर्ड टाकायला दुसरीला हाक मारावी लागते, आणि हाक मारताना आपण काय करतोय ते सांगावं लागतं. दोन सह्यांचा नियम इथं लागू होतो.

आमच्या एका ग्रामसंघात आम्ही हे करायचं ठरवलं तेव्हा अध्यक्षताई नाराज झाल्या. म्हणाल्या, "मॅडम, मी अध्यक्ष. आणि मलाच कमी अधिकाराचं खातं? मग माझी किंमत काय?"

मी म्हटलं, "ताई, सोन्याची पाटली तुमचीच आहे. पण निंदणीला जाताना घालता का?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "घालत नाही. चिखलात कुठं पडली तर?"

"तसंच हे. अधिकार तुमचाच आहे, फक्त रोज अंगावर घालून फिरायचा नाही. लागेल तेव्हा काढायचा, काम झालं की परत ठेवायचा."

त्यानंतर काही महिन्यांनी त्याच ग्रामसंघात हिशेब लिहिणाऱ्या मुलीला एक ईमेल आला. आत 'बिल' नावाची फाइल. तिला वाटलं, शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं बिल असेल. तिने उघडली. बिल उघडलंच नाही, स्क्रीन काळवंडला आणि पासवर्डची चौकट आली. तिच्याकडे पासवर्ड नव्हता. तिने सचिवताईंना फोन केला. त्या शेतात होत्या. त्यांनी एकच विचारलं, "तू काही नवीन बसवत होतीस का?" ती म्हणाली, "नाही, बिल बघत होते." "मग बिल बघायला पासवर्ड कशाला लागतो? 'नो' दाब आणि तसंच ठेव." नंतर तपासणी केली तेव्हा अँटिव्हायरसने ती फाइल वाईट म्हणून पकडली. सचिवताई दहावी शिकलेल्या आहेत. कॉम्प्युटरचा कोर्स त्यांनी केलेला नाही. त्यांनी फक्त योग्य प्रश्न विचारला.

तोच प्रश्न तुम्हीही पाठ करा. खिडकी आली की स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या. एक, आत्ता मी स्वतः काही बसवत किंवा बदलत होते का? नसेन तर 'नो'. दोन, चौकटीत कुठल्या प्रोग्रामचं नाव आहे, ते माझ्या ओळखीचं आहे का? तीन, 'पब्लिशर' समोर बनवणाऱ्या कंपनीचं नाव आहे की 'अननोन' लिहिलंय? 'अननोन' म्हणजे बनवणारा कोण याची खात्री नाही. शंका आली की 'नो'. 'नो' दाबल्याने काही बिघडत नाही, काम खरं असेल तर पुन्हा करता येतं. 'यस' मात्र सहजी परत घेता येत नाही.

आता आपलं खातं कुठलं आहे ते कसं बघायचं? 'सेटिंग्ज' उघडा, त्यात 'अकाउंट्स', त्यात 'युवर इन्फो'. नावाखाली 'ॲडमिनिस्ट्रेटर' लिहिलेलं दिसलं तर समजा की रोजचं काम सर्वाधिकाराच्या खात्यातून चाललंय. घाबरू नका, दुरुस्त करता येतं. आधी 'अकाउंट्स' मधल्या 'अदर यूजर्स' मध्ये जाऊन ग्रामसंघाच्या नावाने एक नवीन खातं बनवा, त्याला पासवर्ड द्या, आणि 'चेंज अकाउंट टाइप' मधून त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा. त्या नव्या खात्यात एकदा आत जाऊन बघा की पासवर्ड चालतो. चालला, की मग तिथूनच रोजचं जुनं खातं 'स्टँडर्ड' करा. क्रम उलटा करू नका. जुन्या खात्यातल्या फायली जागच्या जागी राहतात, हिशेब हलत नाही. हे काम जमणाऱ्या मुलीकडून करून घ्या, पण पासवर्ड टाइप करताना कीबोर्ड आपल्या हातात घ्या.

मैत्रिणींनो, एवढं केलं की सगळं सुरक्षित झालं असं मी म्हणणार नाही. साध्या खात्यातल्या वाईट प्रोग्रामला भिंती पाडता येत नाहीत, पण त्या खोलीतलं सामान तो नेऊ शकतो. म्हणजे त्या खात्यातून तुम्हाला ज्या फायली बदलता येतात, त्या त्यालाही बदलता येतात, कुलूपबंद करता येतात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही चोरता येतात. म्हणून बँकेचा पासवर्ड कॉम्प्युटरमध्ये साठवू नका, आणि हिशेबाची नक्कल आठवड्याला वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या. नक्कल झाली की पेन ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. लावलेलाच राहिला तर जे कॉम्प्युटरचं होईल तेच त्याचं होईल.

दुसरी गोष्ट अपडेटची. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाचा प्रोग्राम जगभर पसरला. फायली कुलूपबंद करायचा आणि सोडवायला खंडणी मागायचा. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांची कामं त्याने अडवली. त्याने कुणाला 'यस' की 'नो' विचारलंच नाही, कारण तो विंडोजमधल्या एका भगदाडातून थेट आत शिरत होता. ते भगदाड बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्ये दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं त्यांच्याकडे तो घुसला. दाराला पहारेकरी आहे, पण मागची भिंत पडलेली असेल तर काय उपयोग? म्हणून अपडेट येईल तेव्हा घ्या. आणि तुमच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० असेल तर ऐका, त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. पुढं काय करायचं हा विषय बैठकीत घ्या.

आता मोबाईलकडे येऊ, कारण कॉम्प्युटर खोलीत एक असतो, मोबाईल मात्र घरोघरी आहे. अँड्रॉइड मोबाईलमध्ये प्रत्येक ॲपला वेगळी खोली दिलेली असते. एका ॲपला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. तुमचे मेसेज, कॉन्टॅक्ट, कॅमेरा, माइक यातलं काही हवं असेल तर ॲपला परवानगी मागावी लागते. आधी ही सगळी परवानगी ॲप बसवतानाच एकदम द्यावी लागायची. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून ॲप लागेल तेव्हा एकेक परवानगी मागतं, आणि आपण 'अलाऊ' किंवा 'डोन्ट अलाऊ' म्हणू शकतो.

चोरांना ही भिंत फोडता येत नाही, म्हणून ते आपल्यालाच दार उघडायला लावतात. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, गाडीच्या दंडाचं चलान येतं, पीएम किसानच्या हप्त्याचं काहीतरी येतं. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरं असतात. मैत्रिणींनो, पत्रिका म्हणजे फोटो असतो किंवा पीडीएफ. एपीके ही पत्रिका नाही, तो प्रोग्राम आहे. ती फाइल दाबली की मोबाईल आधी सावध करतो आणि विचारतो की बाहेरून आलेलं ॲप बसवू द्यायचं का. तिथं हो म्हटलं की मग ते ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती मिळाली की बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराला दिसतो. कधी 'ॲक्सेसिबिलिटी' नावाची परवानगी मागतं. ती सोय खरं तर अंध, अपंग माणसांना मोबाईल वापरता यावा म्हणून आहे. पण ती लबाड ॲपला दिली तर ते स्क्रीनवरचं वाचू शकतं, आपल्या वतीने बटणंही दाबू शकतं.

म्हणून नियम साधा. ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअरमधूनच, आणि तेही नाव नीट बघून. एपीके आली, मग ती सख्ख्या भावाच्या नंबरवरून आलेली असली तरी, उघडायची नाही. भावाचा मोबाईल आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. त्याला फोन करून विचारायचं. आणि टॉर्चचं ॲप मेसेज वाचायला मागत असेल तर सरळ विचारा, दिव्याला माझी पत्रं कशाला वाचायची आहेत?

एवढं करूनही घडलंच, तर काय करायचं? पहिलं, मोबाईलचा डेटा, वायफाय बंद करा, कॉम्प्युटर असेल तर इंटरनेटची वायर काढा. दुसरं, दुसऱ्या फोनवरून लगेच बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. पैसे गेले असतील तर उशीर करू नका, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवले तरच मिळण्याची आशा जास्त. एखादं ॲप काढायला गेलं आणि निघतच नसेल, तर त्याने 'डिव्हाइस ॲडमिन' चा अधिकार घेतलेला असू शकतो. सेटिंग्जमध्ये जाऊन आधी तो अधिकार काढा, मग ॲप निघेल.

आणि तिसरं, जिच्या हातून झालं तिला बोलू नका. "तुला कुणी सांगितलं होतं मोबाईलला हात लावायला?" हे वाक्य घरात बायकांनी फार ऐकलेलं असतं. त्या भीतीने बाई दोन दिवस गप्प बसते, आणि त्या दोन दिवसांत खातं रिकामं होतं. गटाने सांगून ठेवायला हवं, काही झालं तर आधी सांग, कुणी रागावणार नाही.

शेवटचा मुद्दा पासवर्डचा. पुढच्या मासिक बैठकीत हा विषय अजेंड्यावर घ्या आणि ठराव लिहा. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांना माहीत असेल. तो एका कागदावर लिहून, पाकीट बंद करून, वर सह्या करून पैशाच्या पेटीत राहील. पदाधिकारी बदलले की पासवर्ड बदलेल. दुरुस्तीवाला आला तर पासवर्ड त्याला सांगायचा नाही, आपण टाकायचा, तो काम करेपर्यंत शेजारी बसायचं, आणि तो गेला की बदलायचा. यात त्याचा अपमान नाही. बँकेचा शिपाई कितीही ओळखीचा असला तरी आपण त्याच्याकडे चेकबुक ठेवत नाही.

"आम्हाला बायकांना त्यातलं काय कळतंय" हे आता म्हणू नका. हिशेबातलंही आपल्याला काय कळतंय असं एकेकाळी म्हणत होते. आज बँकेचे साहेब आपलं रजिस्टर बघून कर्ज देतात. कुणाला किती अधिकार द्यायचा, कुणाला विचारल्याशिवाय काय करू द्यायचं नाही, हे बाईला कॉम्प्युटर येण्याच्या फार आधीपासून कळतं.

तर पुढच्या बैठकीत तो ठराव झाला की आमच्या केंद्राला जरूर कळवा.